टाकीतील दाटी आणि पाण्यावरचा भार

तेच पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून टाक्यांमध्ये मासे वाढवण्याच्या पद्धतीला मत्स्यव्यवसायात इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरएएस’ म्हणतात, आणि २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाल्यापासून ही तीन अक्षरे तळे खोदण्याइतकी जमीन नसलेल्या शेतकऱ्यांच्याही परिचयाची झाली आहेत. या योजनेत मोठ्या आरएएस प्रकल्पाचा खर्च ५० लाख रुपये धरलेला असून, प्रत्येकी किमान ९० घनमीटर पाण्याच्या आठ टाक्यांमधून एका उत्पादनचक्रात ४० टन मासळी निघावी अशी त्याची क्षमता सांगितली आहे. मध्यम प्रकल्पासाठी २५ लाख रुपये, ३० घनमीटरच्या सहा टाक्या आणि १० टन मासळी असे प्रमाण आहे. दोन्ही ठिकाणी मासळीच्या वजनाला पाण्याच्या घनफळाने भागले की उत्तर एकच येते, ते म्हणजे काढणीच्या वेळी दर घनमीटर, अर्थात दर हजार लिटर पाण्यात, सुमारे ५५ किलो मासे. हेक्टरी साडेचार टन उत्पादन देणाऱ्या, दीड मीटर खोलीच्या चांगल्या तळ्यात हेच प्रमाण हजार लिटरला अवघे ३०० ग्रॅम पडते.

दर घनमीटर पाण्यातील माशांच्या या वजनाला संचयन घनता म्हणतात. प्रकल्प अहवालात, यंत्रसामग्री विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात आणि बँकेच्या कर्जाच्या कागदांत या एका आकड्यावर पुढचे सगळे उत्पन्न उभे केलेले असते, आणि तो आकडा वाढवला की कागदावरचा नफा लगेच वाढतो, कारण टाकी, शेड, पंप आणि मजुरी यांचा खर्च फारसा न बदलता अधिक किलोंवर वाटला जातो. या आकड्याचा अर्थ मात्र बहुधा जागेपुरता लावला जातो. इतक्या पाण्यात इतके मासे मावतात, असे समजले जाते. वास्तविक माशाला जागा किती लागते हा प्रश्न आरएएसमध्ये पुष्कळ नंतर येतो. त्याआधी त्याच्या श्वासासाठी दर तासाला किती प्राणवायू पुरवावा लागेल, त्याने टाकलेली घाण दर तासाला किती वेगाने बाहेर काढावी लागेल, आणि हे काम करणारी यंत्रे बंद पडली तर हाताशी किती मिनिटे उरतील, हे प्रश्न येतात, आणि यांची उत्तरे टाकीच्या आकारावरून कळत नाहीत.

आरएएसमधील पाण्याचा प्रवास टाकीच्या तळापासून सुरू होतो. गोल टाकीत पाणी कडेने तिरके सोडले की ते फिरू लागते आणि विष्ठा व उरलेले खाद्य तळाच्या मध्याकडे ओढले जाऊन मधल्या निचऱ्यातून बाहेर पडते. तेथून पाणी ड्रम फिल्टरमध्ये, म्हणजे बारीक जाळी लावलेल्या फिरत्या पिंपात जाते आणि घन कण गाळले जातात. पुढची पायरी जैविक गाळणीची, म्हणजे बायोफिल्टरची असते. माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात विरघळलेला असल्यामुळे कोणत्याही जाळीत अडकत नाही. तो बायोफिल्टरमधील प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढलेले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर पुष्कळच कमी विषारी असलेल्या नायट्रेटमध्ये बदलतात. त्यानंतर पाणी उंचावरून हवेच्या झोतात पडू देऊन त्यातील कार्बन डायऑक्साइड घालवला जातो, अनेक ठिकाणी अतिनील किरणांनी किंवा ओझोनने जंतू कमी केले जातात, प्राणवायू मिसळला जातो आणि पाणी टाकीत परत येते. दररोज बदलावे लागणारे पाणी एकूण पाण्याच्या साधारण पाच ते दहा टक्के असते, बाकी सगळे फिरत राहते. जेथे पाण्याचे दुर्भिक्ष आहे तेथे या पद्धतीचे आकर्षण यामुळेच आहे, आणि तिची जोखीमही यामुळेच आहे, कारण तळ्यात हवा, सूर्यप्रकाश, शेवाळ आणि तळाचा चिखल जे काम फुकट आणि संथपणे करतात, ते सगळे येथे विजेवर आणि घड्याळाच्या काट्यावर करावे लागते.

हा भार किती असतो हे वर उल्लेखिलेल्या ४० टनांच्या प्रकल्पावरूनच मांडता येते. त्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, वाढवला आहे असे धरले, तर काढणीच्या सुमारास अर्धा किलो वजनाचा मासा दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दीड टक्का खाद्य खातो, म्हणजे ४० टन मासळीला रोज ६०० किलो खाद्य लागते. आरएएसचे सगळे गणित या खाद्याच्या आकड्यावरून चालते. पाण्यात येणारी प्रत्येक घाण मुळात खाद्याच्या पोत्यातून आलेली असते आणि प्राणवायूची मागणीही खाद्याच्याच प्रमाणात वाढते. ३२ टक्के प्रथिने असलेल्या एक किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो, माशांना श्वासासाठी साधारण ४०० ग्रॅम प्राणवायू लागतो, त्याच्या जवळजवळ १.४ पट कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि खाद्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतके कोरडे घन पदार्थ विष्ठा व चुरा या रूपाने उरतात.

हे आकडे हजार लिटर पाण्यावर आणि एका तासावर आणले की त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. घनमीटरला ५५ किलो मासे असताना दर लिटर पाण्यातील प्राणवायू तासाला सुमारे १४ मिलिग्रॅमने खर्च होतो, आणि २८ अंश सेल्सियस तापमानाचे गोडे पाणी हवेतून प्राणवायू घेऊन पूर्ण तृप्त झाले तरी त्यात लिटरला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. याचा अर्थ असा, की वीज गेली आणि प्राणवायूचा पुरवठा थांबला, तर पाण्यातला सगळा साठा अर्ध्या तासात संपेल, आणि मासे त्याच्या बरेच आधी, पंधरा-वीस मिनिटांतच, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतील. मासे नुकतेच जेवलेले असतील तर त्यांची प्राणवायूची गरज वाढलेली असते, त्यामुळे ही मुदत आणखी आखडते. तीच टाकी घनमीटरला पाच किलो घनतेने चालवली, तर तोच साठा पाच तासांहून अधिक पुरेल. कोकणात पावसाळ्यातील वादळवाऱ्याने किंवा ग्रामीण भागातील भारनियमनाने वीज जाते, तेव्हा हा अर्धा तास आणि पाच तास यांतील फरक संपूर्ण पिकाच्या जगण्यामरण्याचा फरक असतो. जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय, पंपावर किंवा विजेवर अवलंबून नसलेली प्राणवायूच्या सिलिंडरची वेगळी जोडणी, आणि प्राणवायू घसरताच रात्री-अपरात्री भोंगा वाजवणारे यंत्र, या तीन गोष्टी उच्च घनतेच्या प्रकल्पात चैनीच्या मानता येत नाहीत. त्या नसतील तर ५५ हा आकडा लिहिण्याचाच अधिकार त्या प्रकल्पाला नाही.

प्राणवायूची ही मागणी केवळ पंप वाढवूनही भागत नाही. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला निदान पाच मिलिग्रॅम प्राणवायू उरावा, ही उष्ण पाण्यातील माशांसाठी सर्वसाधारण अपेक्षा आहे. हवेने तृप्त झालेल्या पाण्यातून त्यावरचे जेमतेम पावणेतीन मिलिग्रॅम वापरता येतात, त्यामुळे १४ मिलिग्रॅमची तासाची गरज अशा पाण्याने भागवायची तर टाकीतले सगळे पाणी तासाला पाच वेळा बदलावे लागेल. ७२० घनमीटरच्या प्रकल्पात ते तासाला ३,६०० घनमीटर, म्हणजे ३६ लाख लिटर होते, आणि त्याचे वीजबिल कोणत्याही मासळीच्या भावात बसणारे नाही. म्हणून घनता वाढवताना एका टप्प्यानंतर टाकीतच ब्लोअरने जोरदार हवा द्यावी लागते किंवा शुद्ध प्राणवायू दाबाखाली पाण्यात विरघळवावा लागतो.

शुद्ध प्राणवायूमुळे घनतेची पहिली मर्यादा दूर सरकते, पण तिच्यामागे दडलेली दुसरी मर्यादा पुढे येते. हवा खेळवली की पाण्यात प्राणवायू येतो आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शुद्ध प्राणवायूचा प्रवाह इतका लहान असतो की त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड फारसा बाहेर पडत नाही आणि तो साठत जातो. प्राणवायू मोजणारे यंत्र उत्तम आकडा दाखवत असते आणि मासे मात्र सुस्त होऊन खाणे कमी करतात, ही स्थिती अनेकदा अशी निर्माण होते. नॉर्वेतील नोफिमा या संशोधन संस्थेने आरएएसमधील तरुण सॅमन माशांवर लिटरला ५ ते ४० मिलिग्रॅम अशा सहा पातळ्यांचा कार्बन डायऑक्साइड वापरून प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पाण्यातील हा वायू वाढत गेला तशी वाढ मंदावत गेली, आणि १२ मिलिग्रॅमच्या खालीच तो ठेवावा असे संशोधकांनी सुचवले. चिलापी याहून बराच अधिक कार्बन डायऑक्साइड सोसतो, पण सोसणे आणि चांगले वाढणे यांत अंतर असते, आणि शेतकऱ्याच्या हिशेबात ते अंतर वाया गेलेल्या खाद्याच्या रूपाने उतरते.

अमोनियाची गोष्ट याच वायूशी गुंतलेली आहे. ५५ किलो घनतेला दर लिटरमागे तासाला सुमारे एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो, म्हणजे बायोफिल्टर बंद पडला किंवा त्यातील जिवाणू मेले, तर दिवसभरात ही पातळी २४ मिलिग्रॅमपर्यंत चढेल. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. विद्युतभारित रूप माशांना तुलनेने कमी बाधते, तर भाररहित रूप कल्ल्यांतून सहज आत शिरते आणि फार विषारी असते. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कधर्मी गुणावर, आणि तापमानावर ठरते. २८ अंशाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, आणि सामू ८ झाला की तोच भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. कार्बन डायऑक्साइड पाण्याला आम्लधर्मी करून सामू खाली ठेवतो, त्यामुळे अमोनिया वाढलेला असताना घाबरून हवा जोरात सुरू केली, तर कार्बन डायऑक्साइड उडून सामू एकदम चढू शकतो आणि होता तोच अमोनिया काही मिनिटांत अधिक घातक बनतो. कमी घनतेच्या टाकीत अशा चुकीला क्षमा असते, कारण अमोनियाच मुळात थोडा असतो. दाट टाकीत नसते.

बायोफिल्टरमधील जिवाणूंचा कामाचा वेग त्यांना मिळणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. दर चौरस मीटरला दिवसाला अर्धा ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असा माफक वेग धरला, तर ६०० किलो खाद्यातून येणाऱ्या पावणेअठरा किलो अमोनिया-नायट्रोजनसाठी ३५ हजार चौरस मीटर, म्हणजे पावणेनऊ एकरांच्या आसपास, पृष्ठभाग लागतो. घनमीटरला ६०० चौरस मीटर पृष्ठभाग देणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या साठेक घनमीटरच्या टाकीत भरून तो मिळवता येतो, परंतु त्या चकत्यांवर जिवाणूंचा थर जमायला चार ते सहा आठवडे जातात आणि या काळात अमोनियानंतर नायट्राइटची लाट येते. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करते, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो; पाण्यात योग्य प्रमाणात मीठ घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येण्यास अडवते, म्हणून जाणकार पालक या दिवसांत मीठ हाताशी ठेवतात. शिवाय हे जिवाणू काम करताना पाण्यातील अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा साठा, खात जातात. वरील प्रकल्पात भर हंगामात ही खपत दिवसाला सव्वाशे किलो कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीची होते, आणि तिचा बराच भाग खाण्याचा सोडा टाकून भरून काढावा लागतो. हा सोडा प्रकल्प अहवालांत क्वचितच दिसतो, आणि त्याच्या अभावी सामू घसरून बायोफिल्टर मंदावतो, हे मोठ्या मरतुकीचे एक साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

आतापर्यंत चर्चा पाण्याची झाली, कारण मासा दाटीने त्रासतो असे जे दिसते त्यातले पुष्कळसे प्रत्यक्षात वाईट पाण्याने त्रासणे असते. जुन्या प्रयोगांत माशांची संख्या वाढवत नेली जाई आणि पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवला जाई, त्यामुळे दाट टाकीतील मासे खुंटले की ते गर्दीने खुंटले की प्राणवायूच्या कमतरतेने, हे सांगता येत नसे. पाण्याची प्रत सर्व टाक्यांत सारखी राखून केवळ दाटी बदलली तर काय होते, हे पाहणारे प्रयोग झाले तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले.

रेनबो ट्राउट या माशावर ब्रिटनमध्ये घनमीटरला १०, ४० आणि ८० किलो अशा तीन घनतांवर नऊ महिने प्रयोग झाला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. वाढीत आणि जगण्यात घनतेनुसार सुसंगत फरक पडला नाही; मात्र दाटी वाढली तशी परांची झीज वाढली, आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत विरळ टाकीत माशांच्या आकारांत अधिक तफावत पडली, कारण तेथे काही मासे दादा बनून इतरांना खाद्यापासून हुसकावू शकत होते. आर्क्टिक चार हा थंड पाण्यातील मासा तर याहून पुढे जातो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तो घनमीटरला १५ किलो घनतेपेक्षा ६० आणि १२० किलो घनतेला चांगला वाढला, कारण विरळ टाकीत तो भांडत राहतो आणि दाट टाकीत थव्याने पोहू लागतो. आफ्रिकन मागूर हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे पाण्यातील प्राणवायूची अट त्याला तितकीशी लागू होत नाही, आणि नेदरलँड्समध्ये तो घनमीटरला काहीशे किलो अशा घनतेने वाढवला जातो. भारतात या माशाच्या संवर्धनावर बंदी आहे, म्हणून ते आकडे भारतीय माहितीपत्रकांत इतर माशांच्या नावाने वापरले जाऊ नयेत.

सॅमनच्या बाबतीत नॉर्वेतला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विशेष उपयुक्त आहे. त्यात तरुण सॅमन २५ ते १२५ किलो अशा पाच घनतांवर टाक्यांत वाढवले गेले. ७५ किलोपर्यंत वाढीवर व आरोग्यावर ठळक दुष्परिणाम दिसला नाही, १०० आणि त्यापुढे मात्र वाढ मंदावली आणि खाद्याचा उपयोगही खालावला. याच नॉर्वेत समुद्रातील पिंजऱ्यांसाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा घनमीटरला २५ किलो आहे. एकाच माशाला एकाच देशात असे दोन निरनिराळे आकडे पडतात, कारण पिंजऱ्यात पाण्याचा प्रवाह भरती-ओहोटीवर सोपवलेला असतो आणि टाकीत तो पंपाने ठरवता येतो. युरोपीय संघाच्या सेंद्रिय मत्स्यपालनाच्या नियमांत तर माशांना मोठे करण्यासाठी बंदिस्त पुनर्वापराच्या टाक्या मुळीच मान्य नाहीत, केवळ बीजोत्पादन व संगोपनासाठी त्यांना सूट आहे. हा निर्णय आकड्याच्या पलीकडचा आहे. मासा कोणत्या परिस्थितीत जगावा, याविषयीची ती एक सामाजिक भूमिका आहे, आणि तिच्याशी सहमत नसणाऱ्यांनीही तिचा आदर करायला हवा, कारण वाढीचा वेग चांगला असणे आणि माशाचे बरे चाललेले असणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात.

चिलापीचा स्वभाव या मालिकेत मध्ये कोठेतरी बसतो. नर चिलापी जागा अडवून तिची राखण करतो. विरळ टाकीत त्याला ते जमते आणि दुबळ्या माशांच्या परांवर व बाजूंवर चाव्यांच्या खुणा दिसू लागतात, तर दाटी एका मर्यादेपुढे गेली की कोणाचीच हद्द टिकत नाही आणि भांडणे ओसरतात. त्यामुळे चिलापीला मध्यम ते बऱ्यापैकी दाटी मानवते, आणि आरएएससाठी तो निवडला जाण्यामागे हे एक खरे कारण आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण पट्ट्यात मोठ्या आवडीने खाल्ला जाणारा जिताडा याच्या अगदी उलट टोकाला आहे. ऑस्ट्रेलियात तो बॅरामुंडी या नावाने आरएएसमध्ये व्यापारी तत्त्वावर वाढवला जातो आणि कोकणासाठी त्याचे भवितव्य मोठे वाटते, परंतु लहानपणी तो स्वजातिभक्षक असतो आणि आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठे भावंडही गिळू शकतो. अशा माशाच्या बाबतीत घनतेइतकीच किंवा त्याहून अधिक महत्त्वाची बाब टाकीतील सर्व मासे सारख्या आकाराचे असणे ही असते, आणि म्हणून बोटुकलीच्या अवस्थेत थोड्या थोड्या दिवसांनी प्रतवारी, म्हणजे लहान-मोठे वेगळे करण्याचे काम, चुकवून चालत नाही.

माशांच्या वयाचाही येथे संबंध येतो. लहान मासा किलोमागे मोठ्या माशापेक्षा जास्त खातो व जास्त प्राणवायू घेतो, म्हणून वजनाने तीच असलेली घनता बोटुकलींच्या टाकीला जड आणि मोठ्या माशांच्या टाकीला हलकी पडते. अमेरिकेतील ट्राउट बीजोत्पादन केंद्रांत फार वर्षांपासून एक ठोकताळा वापरात आहे, की माशाच्या इंचांतील लांबीच्या निम्म्याइतके पौंड मासे दर घनफूट पाण्यात ठेवावेत. दहा इंची माशाला तो घनमीटरला ८० किलो येतो आणि दोन इंची पिलांना अवघा १६ किलो. मात्र हा ठोकताळा थंड, वाहत्या पाण्यातील ट्राउटसाठी बांधलेला आहे, तो उष्ण पाण्यातील माशांना जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

मग एखाद्या टाकीतील दाटी मर्यादेपलीकडे गेली आहे हे ओळखावे कशावरून? मरतुक हे फार उशिरा मिळणारे उत्तर आहे. त्याआधी खाद्य टाकल्यावर मासे किती चटकन वर येतात यात फरक पडतो, पाठीवरचे आणि शेपटीचे पर फाटके व पांढरट कडांचे दिसू लागतात, नमुन्यादाखल वजन केलेल्या माशांत लहान-मोठ्यातील तफावत वाढते, आणि एक किलो वाढीमागे लागणारे खाद्य हळूहळू चढत जाते. शेवटचे लक्षण पालकाच्या खिशाला थेट भिडते. दीड किलो खाद्यात मिळणारी एक किलो वाढ पावणेदोन किलोला मिळू लागली, तर दाटीतून मिळवलेला फायदा खाद्याच्या बिलात परत जातो, आणि ते न पचलेले जास्तीचे खाद्य पुन्हा पाण्यातच उतरून बायोफिल्टरवर पडते. गाळ वेळेवर निघाला नाही तर त्याच्या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होण्याचा धोका असतो, विशेषतः खाऱ्या पाण्यात, आणि तो वायू अत्यल्प प्रमाणातही संपूर्ण टाकी मारू शकतो. गाळाशी आणि पाण्यातील सूक्ष्मजीवांशी संबंधित दुसरी, कमी घातक पण बाजारात नडणारी गोष्ट म्हणजे मासळीला येणारा मातकट वास; तो घालवण्यासाठी काढणीपूर्वी मासे काही दिवस उपाशीपोटी स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, आणि त्यासाठीची वेगळी टाकी आराखड्यात आधीच धरावी लागते.

उत्पन्न वाढवण्यासाठी घनता वाढवणे हा एकमेव मार्ग आहे असे मानले जाते, ते ४० टनांच्या त्याच प्रकल्पाकडे नीट पाहिले तर खरे राहत नाही. आठही टाक्यांत एकाच दिवशी बीज सोडले तर अर्ध्या किलोच्या ८० हजार माशांसाठी घनमीटरला सुमारे १११ बोटुकल्या पडतात. दहा ग्रॅमच्या बोटुकलीला पहिल्या दिवशी ही घनता सव्वा किलोही नसते आणि सहा महिन्यांनी ती ५५ वर पोहोचते. सगळी यंत्रे त्या शेवटच्या आठवड्यांच्या ६०० किलो खाद्यासाठी घ्यावी लागतात आणि पहिले तीन-चार महिने ती बव्हंशी रिकामी चालतात. त्याऐवजी टाक्यांत तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने बीज सोडले, तर वर्षाचे उत्पादन तेच ८० टन राहते, एक किलो वाढीला दीड किलो या हिशेबाने वर्षाला तेच १२० टन खाद्य लागते, परंतु ते वर्षभर समान पसरून रोजचे सुमारे ३३० किलो होते. प्रत्येक टाकी आपल्या वेळेला ५५ किलोपर्यंत जातेच, तरीही बायोफिल्टर, कार्बन डायऑक्साइड काढणारा मनोरा आणि सोड्याचा खर्च यांवरचा कमाल भार जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि बाजारातही एकदम ४० टन मासळी न येता दर तीन आठवड्यांनी पाच टन येते. यासाठी प्रत्येक टाकीचे पाणी बंद करता येईल अशी झडप आणि नव्या बीजासाठी विलगीकरणाची जागा लागते, कारण एकाच पाण्यात सर्व वयांचे मासे असतील तर बाहेरून आलेला रोगही सर्वांपर्यंत पोहोचतो. या व्यवस्थेत भरलेल्या टाकीची अर्ध्या तासाची मुदत मात्र जराही लांबत नाही, त्यामुळे प्राणवायूच्या सिलिंडरची नळी काढणीच्या सर्वांत जवळ आलेल्या टाकीला आधी जोडलेली असावी लागते आणि दर तीन आठवड्यांनी, काढणी झाली की, ती पुढच्या टाकीवर हलवावी लागते.